ऊसपट्ट्यातल्या सर्व्हिस पिकअपसाठी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: बेळगावच्या एका वर्कशॉपचे प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागेतले हे मध्यम आकाराचे वर्कशॉप. काम हायड्रोलिक्सचे: पंप, मोटर, सिलिंडर, व्हॉल्व्ह दुरुस्त करायचे आणि मापाप्रमाणे होज (तेलाचे जाड रबरी पाइप) क्रिम्प करून, म्हणजे टोकाला फिटिंग दाबून बसवून द्यायचे. मालक साठीकडे झुकलेले, हिशेब आणि खरेदी पुतण्याकडे, आणि बाहेरगावची कामे पंचवीस वर्षे एकाच फिटरच्या हाती. गाडीही तोच चालवतो. सगळे त्याला मामा म्हणतात. वर्कशॉपचे नाव आणि शेवटी घेतलेल्या गाडीचे मॉडेल इथे गाळले आहे.

बाहेरचे काम दोन प्रकारचे. नोव्हेंबर ते मार्च गळीत हंगाम. अथणी, रायबाग, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात ऊसतोडणीची हार्वेस्टर यंत्रे रात्रंदिवस चालतात आणि त्यांची निम्मी दुखणी हायड्रोलिकची असतात. फडात होज फुटला की यंत्र जागेवर उभे, ट्रॉल्या रिकाम्या उभ्या आणि मुकादमाचे फोन चालू. हंगाम संपला की गोव्याकडचे खाणयंत्रांचे काम निघते. तिकडे जायचे ते जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरून, आणि परतताना केरीपासून तोच घाट चढायचा.

जुनी गाडी साधी मालवाहू पिकअप, पाच गिअरची मॅन्युअल. इंजिन धडधाकट, चासी शाबूत. तक्रार होती क्लचची.

अडचण

मागच्या हंगामात एका क्लचप्लेटवर निभावले नाही, फेब्रुवारीतच दुसरी टाकावी लागली. प्लेट निकृष्ट नव्हती, चालवण्याची जागाच तशी होती. कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेमागे मैल दीड मैल सरकत जायचे. मग पाणंदीतून फडात शिरायचे. नुकतेच पाणी दिलेली काळी जमीन असेल तर चाक अर्धे रुतते आणि मागेपुढे करत गाडी काढावी लागते. या मागेपुढे करण्यातच क्लच अर्धा दाबलेल्या अवस्थेत मिनिटामिनिटाने घासला जातो. एकाच प्लेटवर वीस मिनिटांची अशी झटापट झाली की केबिनमध्ये वास येतो. मामांचे वाक्य ठरलेले: "गाडी निघूलाय, पण वास येऊलाय."

दुसरे कारण मामांचा डावा गुडघा. डॉक्टरांनी क्लचची गाडी कमी करा म्हणून सांगितले होते. मामांच्या जागी नवा ड्रायव्हर ठेवता आला असता, पण फडात उभे राहून होजचे माप आणि थ्रेड डोळ्यांनी ओळखणारा माणूस ड्रायव्हर म्हणून मिळत नाही.

म्हणून मालकांनी ठरवले, गाडी ऑटोमॅटिक घ्यायची. कोणती, यावर पुतण्याने महिनाभर व्हिडिओ पाहिले आणि एका संध्याकाळी यादी ठेवली. यादीत सर्वांत वर अमेरिकन पिकअपमधला ॲलिसन गिअरबॉक्स होता.

"काका, हेवी ड्युटी म्हणतात ती हीच. घाटात ट्रेलर ओढतात."

"ती गाडी इथे कोण विकतो ते सांग आधी," मालक म्हणाले. चर्चा तिथेच संपली, आणि ते बरे झाले.

त्या व्हिडिओंतले खरे किती ते सांगून पुढे जाऊ. जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स डिझेल पिकअपना २००१ मॉडेलपासून ॲलिसन १००० हा गिअरबॉक्स मिळाला. आधी पाच गिअरचा, २००६ पासून सहा गिअरचा. फोर्डने स्वतःचा टॉर्कशिफ्ट बनवला, रॅमच्या जड मॉडेलमध्ये २०२४ पर्यंत आयसिनचा गिअरबॉक्स येत असे. हे सगळे कित्येक टनांचा ट्रेलर तासन्‌तास ओढण्यासाठी बांधलेले. आपल्याकडे तशा पिकअप विक्रीला नाहीत, आणि दुसऱ्या गाडीत तसा गिअरबॉक्स बसवणे म्हणजे मूळ रचनेतला बदल, आरटीओच्या मंजुरीशिवाय न चालणारा. त्या जगातून उचलण्यासारखी गोष्ट एकच: तिथे गिअरबॉक्स निवडताना आधी वजन विचारतात, मग टॉर्क (फिरवण्याचा जोर), मग तेल थंड कसे होणार ते. गिअर किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी काट्यावर

पहिला महत्त्वाचा निर्णय गाडी बघण्याच्या आधीचा होता. जुन्या पिकअपमधले सगळे सामान उतरवून वर्कशॉपच्या काट्यावर एकेक करून तोलले:

क्रिम्पिंग मशीन, डायसकट: ११० किलो
अर्धा, पाऊण आणि एक इंची होजची वेटोळी: ९० किलो
फिटिंग, फेरूलचे ट्रे: ६० किलो
व्हीजी ६८ हायड्रोलिक तेलाचे २१० लिटरचे बॅरल, भरलेले: २०० किलो
पाच केव्हीएचा जनरेटर: ९५ किलो
वेल्डिंग सेट: १५ किलो
बदली पंप, मोटर, एखादा सिलिंडर: १२० किलो
चेनब्लॉक, जॅक, पाने, इतर हत्यारे: ७० किलो

बेरीज ७६० किलो. तीन माणसे धरली की पाऊण टनाचे एक टनाजवळ जाते. मालक तोपर्यंत "चार-पाचशे किलो असेल" असे धरून चालले होते.

मालवाहू पिकअपला हे वजन म्हणजे काहीच नाही. बोलेरो पिकअपचे १.७ टनी मॉडेल नावाप्रमाणे १,७०० किलो उचलते. पण आपल्याकडे ऑटोमॅटिक मिळणाऱ्या डिझेल पिकअप डबल कॅबच्या, बहुतेक फोर-बाय-फोरच्या, आरामाच्या अंगाने बांधलेल्या आहेत. त्यांची कागदावरची भारक्षमता मालवाहू पिकअपच्या आसपासही जात नाही. ती बघायची जागा जाहिरात किंवा सेल्समन नाही, आर.सी. बुक. त्यावर रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन असे दोन आकडे असतात. दोहोंतला फरक म्हणजे सामान, माणसे, वर बसवलेली कॅनोपी, रॅक, सगळे मिळून. या प्रकरणातल्या गाडीचा तो फरक ४३० किलो निघाला.

म्हणजे ऑटोमॅटिक घेतली तर आहे ते सामान तिच्यात जाणार नव्हते. हे गाडी घेतल्यावर कळले असते तर दोनच मार्ग उरले असते: रोज ओव्हरलोड चालवायचे, किंवा गाडी विकायची. ओव्हरलोडचा दंड हा त्यातला लहान भाग. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा याच आकड्यावर बोट ठेवते.

समोरचे पर्याय

पहिला, जुन्याच जातीची नवी मॅन्युअल पिकअप. स्वस्त, वजन उचलणारी, कुठल्याही गावात दुरुस्त होणारी. क्लच आणि गुडघा मात्र जिथल्या तिथे.

दुसरा, नवी मोठी ऑटोमॅटिक. हायलक्सचे उदाहरण इथे उपयोगी आहे. भारतात ती २०२२ मध्ये आली, इंजिन २.८ लिटरचे, २०४ पीएस. तेच इंजिन ऑटोमॅटिकसोबत ५०० न्यूटन-मीटर टॉर्क देते आणि मॅन्युअलसोबत ४२०. व्हिडिओत कुणी हे फारसे समजावत नाही. इंजिनाची ताकद अनेकदा मागच्या गिअरबॉक्सला झेपेल तितकीच सोडलेली असते, आणि ऑटोमॅटिक म्हणजे नाजूक ही समजूत अशा ठिकाणी उलटी ठरते. नडली ती किंमत. चिखलात आणि पाचटात वापरायच्या गाडीवर एवढी रक्कम घालायला मालक तयार नव्हते. शिवाय वॉरंटीतल्या गाडीवर गिअरबॉक्सच्या तेलाचा जादा कूलर किंवा तसले काही बसवले तर वॉरंटी धोक्यात येते.

तिसरा, जुनी ऑटोमॅटिक. चार-पाच वर्षे वापरलेली, सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टर असलेली.

एएमटीचा (ऑटोमेटेड मॅन्युअल गिअरबॉक्सचा) विचार सुरुवातीलाच सोडला. छोट्या गाड्यांत मिळतो त्या एएमटीत क्लच मॅन्युअलचाच असतो, कोरडा, एका प्लेटचा. पायाऐवजी मोटर तो दाबते. गुडघा वाचतो, प्लेट वाचत नाही. डबल क्लचच्या गिअरबॉक्सच्या बाबतीत कोरडा-ओला असा फरक असला तरी रांगेत इंचाइंचाने सरकणे हे त्यालाही मानवत नाही.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात तेल असते. गाडी जागची हलताना कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क जवळजवळ दुपटीपर्यंत वाढवून देतो, आणि घासायला प्लेट नसते. चिखलातून गाडी काढताना हवे असते ते हेच. बदल्यात तो उष्णता देतो. जेवढी स्लिप (इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या फेऱ्यांतला फरक), तेवढे तेल गरम. वेग आला की आतला लॉक-अप क्लच लागतो, स्लिप थांबते, तेल निवते. घाटात वीस-पंचवीसच्या वेगाने चढताना किंवा फडात मागेपुढे करताना लॉक-अप सहसा लागत नाही. क्लचप्लेटचा खर्च वाचतो, पण तीच ऊर्जा आता तेलात जाते.

हायड्रोलिक्सच्या माणसांना हे सांगावे लागले नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडला की आत त्यांच्याच धंद्यातले सामान आहे: पंप, स्पूल, सोलेनॉइड, फिल्टर. त्यांचा गोंधळ तापमानाच्या आकड्यावर झाला, तो पुढे येईल.

ठरले असे की जुनी मॅन्युअल पिकअप विकायची नाही. बॅरल, जनरेटर, जड पंप तिच्यातच राहतील आणि गरज असेल तेव्हाच ती निघेल. मामा आणि एक मदतनीस ऑटोमॅटिक घेऊन आधी पोहोचतील. दहापैकी सात-आठ हाका होज आणि सीलच्याच असतात, त्या तेवढ्यावर भागतात. ऑटोमॅटिकसाठी सामान नव्याने जुळवले: हातपंपाचे छोटे क्रिम्पिंग मशीन ४० किलो, होज ५०, फिटिंग ४०, वीस लिटरचे दोन कॅन ३८, हत्यारे ५०, रॅक ३०. एकूण २४८. दोन माणसांचे १५० धरून ३९८ किलो, म्हणजे आर.सी.च्या आत.

गाडी तपासताना

पहिली गाडी कोल्हापूरची, एमएच-०९. बाहेरून चकचकीत, किंमत कमी. ती दुपारी बघायला गेले तेव्हा इंजिन गार होते, आणि अर्धा तास फिरवेपर्यंत काहीच खटकले नाही. इथे बरेच जण फसतात. गार तेल दाट असते, झिजलेल्या सीलमधूनही दाब टिकतो आणि गिअर बिनबोभाट पडतात. गाडी निदान चाळीस मिनिटे चालवून, मग परीक्षा.

गरम झाल्यावर दोन गोष्टी दिसल्या. सपाटीवर ब्रेक दाबून, आयडलला, एन (न्यूट्रल) वरून डी (ड्राइव्ह) मध्ये टाकले तर गाडीला झटका जाणवेपर्यंत जवळपास दोन सेकंद गेले. अशा गिअरबॉक्सला एन ते डी साधारण १.२ सेकंदांच्या आत आणि एन ते आर (रिव्हर्स) १.५ सेकंदांच्या आत लागायला हवा. मोबाइलवर चित्रीकरण करून मोजले की वाद राहत नाही. दुसरे, तिसऱ्यावरून चौथ्यात जाताना इंजिनाचे फेरे क्षणभर वर उसळत होते. म्हणजे एक क्लचपॅक (गिअर पकडणाऱ्या आतल्या प्लेटांचा संच) सुटला आणि दुसरा वेळेत पकडत नाही.

या गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते. तेल बघायचे तर गाडी रॅम्पवर घेऊन खालचा ओव्हरफ्लो प्लग उघडावा लागतो. विकणाऱ्याने कुरकुरत परवानगी दिली. तेल लालऐवजी गडद तपकिरी, बोटावर चोळल्यावर करपट वास. "तेल बदलले की ठीक होईल," असे विकणारा म्हणाला. होत नाही. क्लचच्या फ्रिक्शन प्लेटचे अस्तर एकदा करपून झिजले की नवे तेल ते परत आणत नाही. "तेल बदलले आणि गिअरबॉक्स गेला" अशा ज्या कहाण्या ऐकू येतात त्यांतही तेल बहुधा निर्दोष असते. गाडी आधीच आजारी होती म्हणूनच कुणीतरी तेल बदलायला घेतले होते.

शिवाय ती गाडी घेतली असती तर कोल्हापूर आरटीओची एनओसी, कर्नाटकात पुन्हा नोंदणी आणि इथला आजीवन कर हे सगळे किमतीत मिळवावे लागले असते. एमएच गाडी स्वस्त दिसते तिचे अर्धे कारण हे असते. सीमाभागात राहणाऱ्याला हे माहीत असते, तरी हिशेबात धरायला तो विसरतो.

दुसरी गाडी केए-२२ चीच मिळाली. गरम झाल्यावर एन ते डी एका सेकंदात, तेल फिकट तपकिरीकडे झुकलेले पण वास स्वच्छ, ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर राखाडी मलम. मलम म्हणजे रोजची झीज, ती चालते. टोचणारे कण किंवा चकत्या दिसल्या तर गाडी सोडायची. स्टॉल टेस्ट मुद्दाम केली नाही. पूर्ण ब्रेक आणि पूर्ण ॲक्सिलरेटर अशी ती चाचणी पाच सेकंदांपेक्षा लांबली तर तेल भरभर तापते, आणि दुसऱ्याच्या गाडीवर ती करून नवे काही कळलेही नसते.

गाडी सप्टेंबरात घेतली. लगेच एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) बदलले. एकदा काढून भरल्याने जुने तेल तिसरा हिस्सा ते निम्मेच निघते, बाकीचे कन्व्हर्टर आणि कूलरच्या नळ्यांत राहते. म्हणून थोडे चालवून दुसऱ्यांदा बदलले. तेल कंपनीने दिलेल्या ग्रेडचेच. वर्कशॉपमध्ये व्हीजी ६८ ची बॅरले भरलेली असतात आणि घाईत कुणीतरी त्यातले ओतण्याची भीती खरी होती. एटीएफचे कॅन वेगळ्या कपाटात, लाल रंग मारून, कुलपात ठेवले. क्लच किती आणि कसा पकडावा हे एटीएफमधल्या रसायनांवर ठरते. हायड्रोलिक तेलात ती नसतात.

तापमान: मोजल्याशिवाय कूलर नाही

मालकांना गाडी आल्याआल्या मोठा कूलर बसवायचा होता. त्यांच्या पॉवर पॅकचे (हायड्रोलिक दाब देणाऱ्या संचाचे) तेल ६५ अंशांवर गेले की ते मशीन थांबवतात. गिअरबॉक्सचे तेल हायवेवरच ८५ दाखवत होते, म्हणजे त्यांच्या लेखी आग लागलेली. पण एटीएफचे ८० ते ९५ हे घरचे तापमान आहे. फार गार राहिले तर लॉक-अप उशिरा लागतो आणि पाणी उडून जात नाही. काळजी १२० च्या वर. तिथून तेल लवकर ऑक्सिडाइज होते आणि सील कडक होऊ लागतात.

म्हणून ठरले, आधी एक महिना नुसते मोजायचे. त्यासाठी ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारे छोटे यंत्र) लावला. यात एक अडचण सगळ्यांना येते: गिअरबॉक्सचे तापमान ओबीडीच्या सर्वसाधारण यादीत येत नाही. त्या मॉडेलसाठी कंपनीचा खास कोड ॲपमध्ये हाताने घालावा लागतो. नाहीतर इंजिनाच्या पाण्याचे तापमान बघून माणूस निर्धास्त राहतो.

मिळालेले आकडे, वर सांगितलेल्या वजनासह:

बेळगाव ते निपाणी हायवे, ताशी ८०: ८४ ते ८८ अंश.
केरी ते चोर्ला चढ, डी मध्ये, एसी चालू: ११२.
तोच चढ, मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा गिअर धरून: १०१.
कारखान्याच्या रांगेत, डी मध्ये ब्रेकवर उभे: हळूहळू ९५. एन मध्ये टाकल्यावर उतरते.
ओल्या फडात, टू-व्हील ड्राइव्हवर मागेपुढे, दहा मिनिटे: १२६.
तसाच फड, फोर-लो (फोर-बाय-फोरची लो रेंज) मध्ये: ९८.

शेवटच्या दोन ओळींनी सगळ्यांचे डोळे उघडले. मामा जुन्या सवयीने गाडी अगदीच रुतेपर्यंत फोर-बाय-फोर लावत नव्हते, लो रेंज तर नाहीच. लो रेंजमध्ये ट्रान्सफर केसच (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच) टॉर्क वाढवते, त्यामुळे चाकांच्या त्याच वेगाला कन्व्हर्टर बराच जास्त फिरतो आणि स्लिप कमी होते. फडाच्या तोंडाशी थांबायचे, एन मध्ये टाकायचे, फोर-लो लावायचे आणि मगच आत शिरायचे, हा नियम झाला. डांबरीवर परत येताच काढायचे. कोरड्या रस्त्यावर पार्ट-टाइम फोर-बाय-फोर वळणात अडकते आणि मागचापुढचा सगळा गिअरसंच ताणते.

घाटातला ११ अंशांचा फरकही फुकटचा. खालचा गिअर धरला की या गाडीत लॉक-अप जास्त वेळ लागून राहतो आणि आतला पंप वेगाने तेल फिरवतो. उतारावर मॅन्युअल मोड त्याहून गरजेचा. डी वर सोडली तर गाडी वरचा गिअर टाकत जाते, इंजिन ब्रेकिंग उरत नाही, आणि चोर्ल्याच्या वळणांवर सगळा भार ब्रेकवर येतो.

कूलर बसवताना काय चुकले

जानेवारीत काम वाढले, एकेका दिवसात तीन-चार फड. फोर-लो लावूनही दुपारी ११५ दिसू लागले. तेव्हा कूलर बसवला. प्लेटांचा, एसी कंडेन्सरच्या पुढे, रेडिएटरमधल्या मूळ कूलरच्या नंतर एका रांगेत, बायपास थर्मोस्टॅटसह. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तेल गरजेपेक्षा गार होऊ नये यासाठी थर्मोस्टॅट हवाच. कूलरच्या पंख्यांतून (पातळ पत्र्यांच्या फिनमधून) आरपार जाणारे प्लास्टिकचे बंध वापरले नाहीत. ते थरथरून कंडेन्सर घासतात. लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट केला.

होज मात्र वर्कशॉपचाच वापरला: एक वायर ब्रेडचा, एसएई १०० आर१एटी. दाबाच्या बाजूने हा होज कितीतरी मजबूत, कारण कूलर लाइनमध्ये दाब थोडाच असतो. पण त्याची तापमानाची मर्यादा १०० अंश. दिवसरात्र होज विकणाऱ्यांच्या नजरेतून हे निसटले, कारण त्यांच्या कामात प्रश्न नेहमी दाबाचा असतो. तीन आठवड्यांत क्रिम्पजवळ तेलाचा घाम दिसला. एटीएफ कूलरसाठीच बनवलेला, जास्त तापमानाचा होज आणून दोन्ही नळ्या बदलल्या.

त्याहून गंभीर चूक पातळीची. कूलर आणि नव्या नळ्यांत मिळून जवळपास अर्धा लिटर तेल मावते. बसवणाऱ्याने सांडले तेवढे अंदाजाने भरले. दोन दिवसांनी चढावर उभी गाडी डी मध्ये टाकली तर क्षणभर काहीच नाही, मग झटका. मामांनी गाडी तिथेच थांबवली, पुढे रेटली नाही. पातळी कमी असली की चढावर पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि क्लच अर्धवट पकडतात. अशा अवस्थेत तासभर चालवले असते तर पहिल्या गाडीसारखा करपट वास इथेही आला असता. पातळी रीतीने तपासली: गाडी समतल, इंजिन चालू, लिव्हर पी (पार्क) ते डी सगळीकडे फिरवून परत पी, तेल कंपनीने दिलेल्या तापमानाला, अशा गिअरबॉक्सना बहुधा ३५ ते ४५ अंशांना. ओव्हरफ्लो प्लगमधून बारीक धार थेंबांवर येईपर्यंत. गरम तेल फुगते, म्हणून ८५ अंशांना तपासलेली पातळी बरोबर दिसते आणि प्रत्यक्षात कमी असते.

मामांचे शिकणे

मॅन्युअलवर आयुष्य काढलेल्या माणसाचा डावा पाय थांबण्याच्या क्षणी क्लच शोधतो, आणि तिथे रुंद ब्रेक असतो. गाडी जागच्या जागी खिळते, मागचा ट्रॅक्टर येऊन धडकतो. आठवडाभर वर्कशॉपच्या आवारातच सराव करवला, डावा पाय मागे, सीटला टेकवून. उतारावर उभे करताना आधी हँडब्रेक, मग पी. उलट केले तर सगळे वजन गिअरबॉक्समधल्या एका लहानशा खिट्टीवर येते.

धक्कास्टार्ट आणि टोचन या दोन गोष्टी मनातून काढाव्या लागल्या. बॅटरी उतरली तर ऑटोमॅटिक ढकलून चालू होत नाही. जम्पर केबल गाडीतच ठेवली. इंजिन बंद असताना दोर लावून चाकांवर ओढले तर आतला पंप फिरत नाही आणि गिअर कोरडे फिरतात. चिखलातून दहा-वीस फूट ओढून काढणे वेगळे. पण बंद गाडी अथणीहून बेळगावला न्यायची तर फ्लॅटबेडवरच. मुकादम लगेच ट्रॅक्टर जोडायला निघतात, त्यांना थांबवणे हे मामांच्या कामात नव्याने आले.

निष्पत्ती

कूलर बसवतानाच्या चुका सोडल्या तर हंगाम गिअरबॉक्सची तक्रार न होता पार पडला. कूलरनंतर फडातले कमाल तापमान १०४ राहिले. डिझेल जुन्या पिकअपपेक्षा जास्त लागते, याबद्दल कुणी डोळेझाक करू नये. रांगेत उभे राहण्याचे तास मोजले तर फरक जाणवण्याइतका आहे. जुन्या मॅन्युअलची क्लचप्लेट या वर्षी बदलावी लागली नाही, कारण ती आता डांबरीपर्यंतच जाते आणि तिथून पुढचे जड सामान फडातल्या ट्रॅक्टरवर चढते. मामा अजून कामावर आहेत.

एक उपद्रव मात्र कुणी धरला नव्हता. फडातले पाचट आणि धूळ कूलरच्या बारीक पंख्यांत बसते. मार्चमध्ये गिअरबॉक्स थंड आणि इंजिन गरम असे उलटे दिसले, कारण कूलरने अडवलेली हवा रेडिएटरपर्यंत पोहोचतच नव्हती. आता दर आठवड्याला मागच्या बाजूने, कमी दाबाच्या हवेने साफ करतात. पुढून जोरात हवा मारली तर पाचट आत रुतते आणि पंखे वाकतात.

वेगळे काय करता आले असते

सामान तोलणे आणि आर.सी. बघणे हे महिनाभराच्या व्हिडिओंच्या आधी झाले असते तर निम्मी यादी पहिल्याच दिवशी बाद झाली असती.

कूलर गरजेचा होता का, यावर मतभेद आहेत. पुतण्याच्या मते फोर-लो, मॅन्युअल मोड आणि वेळेवर तेलबदल एवढ्यावर भागले असते. ११५ अंश धोक्याच्या खाली आहे आणि कूलरमुळे गळतीच्या चार नव्या जागा तयार झाल्या. मालकांचे म्हणणे, मेच्या उन्हात गोव्याहून येताना घाटात मागे थंडावा हवा. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. आमचा कल पुतण्याकडे, निदान इतक्या वजनाला. हीच गाडी ७६० किलो घेऊन फिरणार असती तर प्रश्नच नव्हता. पण तशी ती फिरायलाच नको होती.

बसवायचाच तर होज आणि तेलाची पातळी या दोन गोष्टी गिअरबॉक्सचे काम रोज करणाऱ्याकडून करून घ्यायला हव्या होत्या. हायड्रोलिक्सची जाण इथे मदतीला आली आणि तिनेच आडमार्गालाही नेले.

पुढचा तेलबदल ४०,००० किलोमीटरवर ठेवला आहे, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या अंतराच्या बराच आधी. त्या वेळी ड्रेन प्लगचे चुंबक पुसून त्यावरचा गाळ पांढऱ्या कागदावर घ्यायचा आणि सप्टेंबरात काढलेल्या फोटोशेजारी ठेवून बघायचा, असे मामांना सांगून ठेवले आहे.